साक्षगंधाच्या आधी रक्ताचा रिपोर्ट

पत्र

ताई, मी २६ वर्षांची आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात राहते, खासगी शाळेत शिकवते. माझ्या मामेबहिणीच्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न. त्याचं दुखणं मी जवळून पाहिलंय. म्हणून मी स्वतःच जाऊन रक्त तपासून घेतलं. इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या तपासणीच्या रिपोर्टवर एएस आलं.

सध्या एक स्थळ ठरत आलंय. मुलगा चांगला आहे, आम्हा दोघांची पसंती आहे. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शिबिरात रक्त दिलं, तर चिठ्ठीवर ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढंच लिहून मिळालं. तो म्हणतो, बाळाला आजार होण्याचा धोका फक्त पंचवीस टक्के असतो, घाबरू नको. आई म्हणते, हे स्थळ सोड आणि पुढच्या पाहुण्यांजवळ रिपोर्टचं नाव काढू नको, नाहीतर लग्नच व्हायचं नाही. आत्या म्हणते, हे तुझ्या आईकडून आलंय, आमच्या घराण्यात असलं काही नाही. माझ्या मुलाशीच लग्न कर, घरातली गोष्ट घरात राहील.

आई-बाबा दोघंही ठणठणीत आहेत, मग मला हे आलं कुठून? माझं हिमोग्लोबिन ९ आहे, सारखा थकवा असतो. पुढे मलाही एसएस होईल का? धाकट्या भावाचं रक्त तपासू म्हटलं तर आई म्हणते, तो मुलगा आहे, त्याचं कशाला. मी काय करू?

उत्तर

नाही, तुला एसएस होणार नाही. एसएस म्हणजे आजार, एएस म्हणजे नुसतं वाहक असणं. आज नाही, बाळंतपणात नाही, म्हातारपणीही नाही. एएस म्हणजे आजाराची सुरुवात आणि तो हळूहळू वाढत जाणार, असं बरेच जण धरून चालतात आणि त्या भीतीत वर्षं काढतात. तू आईच्या पोटात आलीस तेव्हाच तुझा पॅटर्न ठरला. तो जन्मभर तोच राहील.

मग थकवा कशाचा? हिमोग्लोबिन ९ पर्यंत उतरलंय ते एएसमुळे नव्हे. नुसत्या एएसने रक्त एवढं कमी होत नाही. तुझ्या वयाच्या मुलींमध्ये याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता असतं. पाळीत जास्त रक्त जातं, जेवणातून लोह पुरेसं मिळत नाही, कधी पोटात जंत असतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) या तपासण्या करून घे, डॉक्टरांना तुझा पॅटर्न सांग आणि ते देतील तो कोर्स पूर्ण कर. ‘हिला सिकल आहे, ही अशीच राहायची’ असं म्हणून कुणी उपचार टाळत असेल तर अजिबात ऐकू नकोस. एएस असलेल्यांनी जपायच्या गोष्टी थोड्याच आहेत. भर उन्हात पाणी न पिता अंगमोड मेहनत करायची नाही. फार उंचावरच्या प्रदेशात जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना पॅटर्न सांगायचा आणि लघवीत रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं.

आता तुझा मुख्य प्रश्न. आपली जनुकं जोडीने असतात, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. या साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. सिकलच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येऊन बसतं. बाकीची १४५ जिथल्या तिथे. पण तेवढ्याने असं होतं की ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब ताठ दोर बनतात. मऊ गोल लाल पेशी कडक होऊन विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि तू भाच्याच्या चेहऱ्यावर पाहिलीस ती कळ उठते. नेहमीची लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून त्याच्या अंगात रक्त कायम कमी आणि डोळे पिवळसर.

भाच्याच्या जोडीतली दोन्ही जनुकं सिकलची आहेत. तुझ्यात एक सिकलचं आहे आणि एक नेहमीचं. त्या नेहमीच्या जनुकामुळे तुझ्या पेशींत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं बनतं, म्हणून त्या एरवी वाकत नाहीत. तुझ्या आई-बाबांपैकी निदान एकाचा पॅटर्न तुझ्यासारखाच एएस असणार. त्यांना कधी त्रास झाला नाही म्हणून कधी कळलं नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतही कुणाला कळलं नसेल. असं जनुक कुणालाही आजारी न पाडता चार-पाच पिढ्या घरातून चालत येऊ शकतं आणि दोन एएस माणसांची गाठ पडते तेव्हाच समोर येतं. त्यातही एक गोष्ट आहे. आपल्याकडे मागच्या पिढ्यांत ‘लहानपणी तापाने गेला’, ‘काविळीने गेली’ एवढंच ज्यांच्याबद्दल सांगतात अशी मुलं कित्येक घरांत होती. त्यांचं रक्त कुणी तपासलं होतं? घराण्यात नव्हतं असं छातीठोकपणे कुणालाच म्हणता येत नाही.

हे जनुक आपल्याच भागात एवढं का, असंही तुझ्या मनात आलं असेल. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की ज्यांच्यात सिकलचं एकच जनुक असतं त्यांना मलेरिया तेवढा गंभीर होत नाही. जिथे हजारो वर्षं मलेरिया होता तिथे एएस मुलं जास्त जगली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, तिकडे नंदुरबार, असा हा जंगलाचा आणि हिवतापाचा पट्टा. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हे जनुक पहिल्यांदा आढळलं. पण ते कुठल्या एका जातीचं किंवा जमातीचं नाही. विदर्भात आदिवासी, दलित, ओबीसी अशा अनेक समाजांत ते आहे. तुझ्या रक्तात आहे ते तुझ्या पूर्वजांना जगवून गेलेलं जनुक आहे, त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

आत्यांच्या बोलण्याकडे येते, कारण त्यांचं बोलणं तुझ्या आईला फार लागलेलं दिसतंय. काही आजार आईकडून मुलाकडे येतात हे खरं आहे. हिमोफिलिया आणि रंगांधळेपणाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणून वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो आजार होण्याची शक्यता निम्मी असते. सिकलचं तसं नाही. ११वं गुणसूत्र आई आणि वडील दोघंही सारखंच देतात, मुलाला आणि मुलीलाही. १९४९ साली अमेरिकेत जेम्स नील यांनी सिकलच्या रुग्णांच्या आईवडिलांचं रक्त तपासलं तेव्हा दोघांच्याही रक्तात हे जनुक निघालं. ज्या घरात एसएस मूल आहे त्या घरात आईएवढाच बापाचाही वाटा असतो. मूल आजारी झालं म्हणून सुनेला माहेरी धाडल्याच्या गोष्टी आजही कानावर येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

तुझ्या बाबतीत ते कुठल्या बाजूने आलं, हे आज कुणालाच माहीत नाही. मामेबहिणीचा मुलगा एसएस आहे म्हणजे तिच्यात सिकलचं जनुक आहे एवढं नक्की. पण तिला ते मामाकडून आलं की मामीकडून? मामीकडून आलं असेल तर तुझ्या आईच्या माहेराशी त्याचा काही संबंध नाही. आई-बाबा दोघांनी रक्त तपासलं तरच हे कळेल. आणि आत्याच्या मुलाचं स्थळ पुढे आल्यामुळे ते कळणं गरजेचं झालं आहे. जनुक वडिलांकडून आलं असेल तर आजी-आजोबांपैकी एकाकडे ते होतं, म्हणून आत्यांमध्ये असण्याची शक्यता निम्मी आणि त्यांच्या मुलामध्ये चारात एक. घरातली गोष्ट घरात ठेवायला जाशील आणि नेमकं दोन एएस माणसांचं लग्न लावून बसाल. आते-मामे भावंडांची लग्नं आपल्याकडे होत आली आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण अशा भावंडांची सरासरी आठातली एक जनुकं सारखी असतात, त्यामुळे सिकलच नव्हे तर कुणालाच माहीत नसलेले दुसरे लपलेले आजारही मुलात जोडीने येऊ शकतात. जन्मजात दोषाचा धोका इतर जोडप्यांच्या मानाने साधारण दुप्पट धरतात. नुसतं गुपित राखण्यासाठी हे लग्न करू नकोस.

आता तुला पसंत असलेल्या मुलाबद्दल. त्याच्या हातात जी चिठ्ठी आहे तिच्यावरून तो एएस आहे असं ठरवता येत नाही. सोल्युबिलिटी ही चाळणी तपासणी आहे. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. एएस आणि एसएस यांत फरक करू शकत नाही. काही एसएस माणसांना तरुणपणापर्यंत फारसा त्रास होत नाही. शिवाय सिकलचं एक जनुक आणि बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं एक, असाही प्रकार असतो आणि तो आजारच असतो. त्याला म्हणावं, एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी पक्की तपासणी करून घे. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय, त्यामुळे शिबिरं पुष्कळ होतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण शिबिरातल्या पॉझिटिव्ह चिठ्ठीनंतर पक्की तपासणी करावीच लागते, आणि नेमकं तिथेच लोक थांबतात.

ही थॅलेसेमियाची गोष्ट पुढच्या स्थळांसाठीही लक्षात ठेव. एखाद्या मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणजे तो एए, म्हणजे दोन्ही जनुकं नेहमीची, असं धरू नकोस. तो थॅलेसेमियाचा वाहक असेल तर सोल्युबिलिटीत ते दिसत नाही आणि तुमच्या मुलात तुझं सिकल आणि त्याचं थॅलेसेमिया एकत्र येऊ शकतं. एचपीएलसीत दोन्ही कळतं. फक्त अंगात लोह फार कमी असलं तर थॅलेसेमियाचा आकडा फसवा येऊ शकतो, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तरी रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं.

समज, तो एएसच निघाला. मग ‘फक्त पंचवीस टक्के’ म्हणजे काय ते दोघांनी मिळून नीट समजून घ्या. तुम्ही दोघांनी एकेक नाणं उडवायचं, असं धर. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोघांचा छापा पडला तर मूल एए, एकाचाच काटा पडला तर तुमच्यासारखं एएस, दोघांचाही काटा पडला तर एसएस. चारात एक, दोन आणि एक. आता महत्त्वाचं ते असं, की प्रत्येक गरोदरपणात ही नाणी नव्याने उडवली जातात. पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. पहिली दोन चांगली झाली म्हणून तिसऱ्याची पाळी आली, असंही नाही. आणि दोन मुलं हवी असतील तर त्यांतलं निदान एक तरी एसएस असण्याची शक्यता १६त ७, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के होते. एवढा आकडा असताना ‘फक्त’ म्हणणं मला पटत नाही. तो मुलगा तुला धीर देण्यासाठी तसं बोलला असेल, त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण लग्नाआधी त्याने हा हिशेब स्वतः करून पाहायला हवा.

आणि तो एसएस निघाला, तर तुमच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी असेल, आणि त्याची स्वतःची प्रकृती लग्नाआधी तज्ज्ञांना दाखवावी लागेल.

दोघंही एएस असाल तर लग्न करायचं की नाही, हे मी ठरवून देणार नाही. पण तो निर्णय कशावर उभा राहतो ते सांगते. गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कण घेऊन बाळाचा पॅटर्न तपासता येतो. तो वेळ गेला तर १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करता येते. या तपासणीत गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. गर्भलिंग निदानाच्या १९९४च्या कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ती करायला परवानगी आहे. मुलगा की मुलगी, हे मात्र सांगितलं जात नाही. मुंबईत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था याच आजारांवर काम करते, तिचंच केंद्र चंद्रपूरला आहे. गरोदर राहण्याच्या आधीच दोघांच्या जनुकांची तपासणी करून ठेवावी लागते, नाहीतर ऐनवेळी दिवस कमी पडतात.

खरा अवघड भाग त्यानंतरचा आहे. बाळ एसएस निघालं तर तुम्ही काय करणार? गर्भपात करायला तुझं मन तयार होईल का? त्याचं होईल का? सासूबाई काय म्हणतील? प्रत्येक गरोदरपणात पुन्हा हेच दिव्य करण्याची तयारी आहे का? की बाळ जसं असेल तसं वाढवायचं, असं तुम्ही दोघं ठरवणार? तेही चुकीचं नाही. एसएस मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. जन्मल्या जन्मल्या निदान झालं, पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस मिळाली, हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित चालू राहिलं तर कळा आणि दवाखान्याच्या फेऱ्या पुष्कळ कमी होतात. पण तरी तो जन्मभराचा आजार आहे. तो काय असतो हे तुला पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही, तुझ्या घरातच तू पाहिलंस. टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ आधी तपासून मग गर्भाशयात ठेवता येतो, त्याला खर्च मोठा येतो. मूल दत्तक घेता येतं. जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण तिथे त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर आहे. त्याच्या आशेवर आज लग्न ठरवू नका.

या सगळ्यावर दोघांनी निवांत बसून बोला. मोठ्यांना सोबत न घेता. दोघांचं उत्तर एक निघालं तर लग्न करा, माझा आशीर्वाद आहे. दोघांची उत्तरं वेगळी निघाली, किंवा तो या विषयावर बोलायलाच तयार नसला, तर साक्षगंधाच्या आधी थांबलेलं बरं. आज थांबलात तर दोघांना वाईट वाटेल, पण बाळ पोटात असताना भांडत बसायची वेळ येणार नाही.

आता आईचं म्हणणं. पुढच्या स्थळाजवळ रिपोर्ट लपवायचा सल्ला मात्र मानू नकोस. आईचा जीव तुझ्यासाठी तुटतोय, तिने गावात मुलींच्या सोयरिकी मोडताना पाहिल्या असतील, हे मला समजतं. पण लपवून तुझं काय राखलं जातं ते बघ. मुलगा एचपीएलसीत एए निघाला आणि त्याला थॅलेसेमियाही नसला, तर तुमच्या एकाही मुलाला हा आजार होऊ शकत नाही. शक्यता शून्य. काही मुलं तुझ्यासारखी एएस होतील, काही एए, एवढंच. म्हणजे तुझ्या पॅटर्नमुळे लग्नाला काही अडचण नाही. फक्त समोरच्याने रक्त तपासायला हवं. आणि तू गप्प राहिलीस तर तो रक्त कशाला तपासेल? लपवण्याने तुझा पॅटर्न बदलत नाही, त्याचा कळायचा मात्र राहून जातो. आईला हे असंच सांग. बाहेर कळलं तर बोलणारे बोलतील, हे खरं आहे. त्या बोलण्याचा त्रास तुला होईल, तो मी कमी लेखत नाही. पण लग्नानंतर दोन वर्षांनी बाळाला घेऊन दवाखान्यात बसल्यावर ‘तुला माहीत होतं ना?’ असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर तुझ्याकडे नसेल.

पाहुण्यांजवळ ही गोष्ट काढायची कशी, असं वाटत असेल तर गुन्हा कबूल केल्यासारखं बोलू नकोस. मुलाशी पहिल्यांदा बोलणं होईल तेव्हाच साधं सांगायचं: “आमच्याकडे लग्नाआधी दोन्हीकडचं सिकल आणि थॅलेसेमिया तपासून बघतात. माझा एएस आहे, तुमचा एचपीएलसी रिपोर्ट हवा.” पत्रिका मागायला लोकांना संकोच वाटत नाही, मग रिपोर्ट मागायला तुला का वाटावा? जो मुलगा हे ऐकून उठून जाईल त्याला जाऊ दे.

राहिला तुझा भाऊ. त्याच्यात एएस असण्याची शक्यता निदान निम्मी आहे आणि पुढे त्याच्या मुलांना तो हे जनुक तुझ्याइतकंच देऊ शकतो. मुलगा म्हणून त्याला सूट नाही. आई-बाबा रक्त द्यायला जातील त्याच दिवशी त्यालाही घेऊन जा. आईला वेगळं समजावत बसावं लागणार नाही, आणि घरात चौघांचे रिपोर्ट एकत्र असले म्हणजे बोलणी एकट्या तुझ्यावर येणार नाहीत. तुझ्या फेरिटिनचं रक्तही त्याच फेरीत देऊन टाक.